डाव्या बाजूचा आकडा

आधी वास घ्यायचा.
खोट्या जर्मन हेल्मेटला चहाचा वास येतो,
आतलं कातडं जुनं दिसावं म्हणून
कुणीतरी रात्रभर चोथ्यात बुडवून ठेवलेलं असतं.

मग कडेवरून बोट.
पस्तीस सालचं असेल तर हवेच्या भोकाला
वेगळी पुंगळी बसवलेली सापडते.
चाळीसच्या घडणीत भोक पत्र्यातच ठोकलेलं.
बेचाळीसमध्ये कड आत वळवायलाही फुरसत नव्हती,
बाहेर झुकवून तशीच सोडली, उघडी.
हरायला लागलेला देश आधी कडेला कळतो.

मी वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं प्रेसवर होतो.
पातेली, हेडलाइटच्या वाट्या, एका निवडणुकीला मतपेट्या.
खोल ओढताना पत्रा कुठे रडतो
ते मला हातानं समजतं.
घोडबंदरला सव्विसाव्या मजल्यावर डॉक्टर सामंतांच्या
काचेच्या कपाटात अकरा हेल्मेटं होती,
त्यातली चार मी खोटी ठरवली.
चौथ्यानंतर त्यांनी चहा विचारला नाही.
पण फोन मलाच करतात.

त्यांच्यासाठीच दिवाळ्याच्या कोळीवाड्यात गेलो.
जेट्टीच्या अलीकडे सुकट पसरलेली,
वासाचा नियम तिथेच संपला.
चांगुणा तांडेलांनी होडीच्या तळातून काढून दिलं,
दोन-चार खवल्यांसकट.
"माज्या बापसानं इटलीतनं आनलं.
खेचरांच्या कंपनीत व्हता.
तवापासून पानी उपसतंय."

गुडघ्यावर पालथं घेतलं.
कातडं नाही. (पंपाला वायसर कापले.)
हनुवटीचा पट्टा नाही. (तो कुनी नेला, ठाव नाय.)
तीन पिनांपैकी एक, मिठानं फुगलेली.
पुढची कड उजवीकडे झिजून कागद झालेली:
उजव्या हाताचा माणूस,
त्याच्यानंतर उजव्या हाताची मुलगी,
आणि मध्ये लाकडी तळ, रोजचा.

"इथे डावीकडे गरुड होता का?"
निम्मी किंमत त्या गरुडाची असते.
"पाखरू व्हतं ना. पायात तिरकं स्वस्तिक धरलेलं.
बापसानं करवंटीनं खरवडलं.
बोलला, दारावरची वस्तू त्याच्या पायात कशाला."
मी वहीत लिहिलं: चिन्ह नाही.
का नाही, याला रकाना नव्हता.

मग खिशातलं लिंबू.
आत, डाव्या बाजूला चोळत राहिलो,
टॉर्च आडवा धरला,
आणि गंजातून कारखान्याची दोन अक्षरं वर आली
आणि चौसष्ट.
म्हणजे छप्पन नाहीतर सत्तावन्न सेंटिमीटरचं डोकं.
माझं सत्तावन्न आहे.
मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या तीन रेघा,
कुणाच्या तरी नावाचं शेपूट.

"खरं आहे," मी म्हणालो.
"खरा असनारच," त्या म्हणाल्या. "गलत नाय कवा."
थोड्या वेळानं विचारलं,
"ज्याचं व्हतं, तो मेला का?"
मला पत्र्यापुरतं विचारा, बाई.
"पोचा नाही कुठे," एवढंच सांगितलं.
"मंग वाचला असंल."
पोचा न येताही माणसं मरतात,
हे मी डायच्या खाली हात गेलेल्या सदाशिव पेडणेकरच्या वेळी
पाहिलं होतं. बोललो नाही.

किंमत सांगितली. खोटी सांगितली नाही.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं,
इंजिनाचा हप्ता असावा, किंवा जाळं.
तेवढ्यात भरती वर आली,
फळीच्या सांध्यातून होडीत पाणी चढू लागलं.
त्यांनी माझ्या मांडीवरून ते उचललं,
न विचारता,
आणि वाकून उपसायला लागल्या.
खरड, फेक. खरड, फेक.
प्लॅस्टिकचा कापलेला कॅन शेजारीच पडला होता.

मी उभा राहिलो, चपला ओल्या.
शेवटचा रकाना राहिला होता: अवस्था.
लिहिलं, चालू.

रात्री डॉक्टरांचा फोन.
"चालू म्हणजे काय हो?"